स्तन कर्करोगासाठी सरकारी अनुदान मागताना या चुका टाळा

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या लहान सेवाभावी संस्थांचे आणि काही महाविद्यालयांचे प्रस्ताव माझ्याकडे वाचायला येतात. कुणाला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे म्हणजे आयसीएमआरकडे संशोधनासाठी अर्ज करायचा असतो, कुणाला केंद्राच्या जैवतंत्रज्ञान किंवा विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे, तर कुणाला राज्याच्या आरोग्य विभागाकडे जनजागृतीच्या कामासाठी. विषय स्तन कर्करोगाचा आणि गावे आपल्याच भागातली असतात. चुकाही दरवर्षी त्याच असतात, आणि त्या चुकांची किंमत प्रस्ताव लिहिणाऱ्याला नव्हे, तर गावातल्या बाईला मोजावी लागते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाठ सापडल्यावर पुढे काय, हे न लिहिणे

ही सगळ्यांत मोठी चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

काही वर्षांपूर्वी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका संस्थेसाठी मी जनजागृतीचा प्रस्ताव लिहिला होता. त्यात शिबिरे होती, भित्तिपत्रके होती, मंडप, चहा-नाश्ता, डॉक्टरांचे मानधन, ध्वनिक्षेपक, छायाचित्रे असे सगळे होते. अनुदान मंजूर झाले. जगभर ऑक्टोबर हा स्तन कर्करोग जागृतीचा महिना म्हणून पाळतात, त्यामुळे आम्हीही शिबिरे ऑक्टोबरमध्येच ठेवली. एका गावात तीनशे स्त्रिया येतील असे आम्ही प्रस्तावात लिहिले होते. प्रत्यक्षात एक्केचाळीस आल्या. बाकीच्या वावरात होत्या, कारण सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती.

त्या एक्केचाळीसपैकी एकीच्या डाव्या छातीत आवळ्याएवढी गाठ होती. वय पंचेचाळीसच्या आसपास. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिने ती आठ महिने कुणाला सांगितली नव्हती. डॉक्टरांनी तपासून तिच्या हातात चिठ्ठी दिली: पुढील तपासणीसाठी नागपूर. आम्ही अहवालात नोंद केली की एक संशयित रुग्ण वरच्या रुग्णालयाकडे पाठवली. हिशेब जुळला आणि फाइल पुढे गेली.

मार्चमध्ये मी दुसऱ्या कामासाठी त्या गावी गेले, तेव्हा तिच्या घरी डोकावले. तिने रेशन कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून ती चिठ्ठी काढून दाखवली. घडीवर कागद विरून दोन तुकडे झाले होते आणि एका कोपऱ्याला हळदीचा डाग होता. तिने चिठ्ठी जपून ठेवली होती, टाकली नव्हती. "चिठ्ठी त देली ताई, पन नागपूरले नेते कोन?" एवढेच ती म्हणाली. तोवर गाठेवरची कातडी फुटलेली होती.

तिला नागपूरला न्यायला गाडी ठरवावी म्हणून संस्थेच्या समन्वयकाने भित्तिपत्रकांच्या रकमेतले शिल्लक पैसे वापरण्याची परवानगी मागितली. छपाई या शीर्षाखाली आलेला पैसा प्रवासावर खर्च करायला अनुदान देणाऱ्या कार्यालयाची लेखी मंजुरी लागते, आणि ती वेळेत आली नाही. शेवटी गावातल्या लोकांनी वर्गणी काढून तिला पाठवले. त्या मंजूर अंदाजपत्रकात चहा-नाश्त्याला जागा होती; तिच्या तिकिटाला नव्हती. ते अंदाजपत्रक माझ्या हातचे होते.

त्या दिवसापासून मी प्रस्ताव उलट्या बाजूने लिहिते. एक बाई डोळ्यांसमोर ठेवते, तिचे गाव ठरवते, आणि तिला गाठ सापडली त्या दिवसापासून बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा) अहवाल हाती येईपर्यंत तिचे किती दिवस जातील, किती खेपा होतील आणि प्रत्येक खेपेला काय लागेल ते मांडते. सोबत येणाऱ्या माणसाचे भाडे धरते, कारण आपल्याकडची बाई एकटी नागपूरला जात नाही. दोघांची बुडालेली मजुरी अनुदानाच्या नियमात बसत नसेल तर किमान जेवणाचा भत्ता धरते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार होतात हे खरे, पण निदानाचे कागद हाती आल्याशिवाय त्या उपचारांची मंजुरी पुढे सरकत नाही, आणि निदानापर्यंतचा हाच पल्ला गरिबाला स्वतःच्या पैशाने चालावा लागतो. अनुदानाची खरी गरज तिथे आहे. हा हिशेब मांडून झाला की मग मी शिबिराकडे येते, आणि बहुधा शिबिरांची संख्या निम्म्यावर येते. नवख्या मंडळींना हे आवडत नाही. त्यांना आकडा मोठा हवा असतो. पाच हजार स्त्रियांपर्यंत पोहोचलो असे लिहिता येते, पण त्यांतल्या संशयित स्त्रियांचे पुढे काय झाले, या ओळीपाशी अहवाल गप्प होतो.

शेतीचे वेळापत्रक न पाहणे

ऑक्टोबरचा आग्रह सोडा. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघते न निघते तोच कापसाचा पहिला वेचा सुरू होतो, आणि वेचणीची मजुरी किलोवर मिळते. शिबिरात घालवलेली सकाळ म्हणजे त्या बाईच्या हातचे थेट पैसे जातात. मी प्रस्तावाच्या कार्ययोजनेत महिन्यांच्या रकान्याशेजारी त्या तालुक्यातल्या शेतीकामांचा रकाना काढते. तपासणी वेचणीच्या दिवसांत ठेवावीच लागली, तर संध्याकाळी सहानंतर, गावातच, दाराला कडी आणि खिडकीला पडदा असलेल्या खोलीत ठेवते. मंडपात कनात लावून तपासणी करू नये.

परदेशी पत्रकावरून कार्यक्रम उतरवणे

"चाळिशीनंतर दरवर्षी मॅमोग्राफी", म्हणजे स्तनाचा एक्स-रे, हे वाक्य असलेले प्रस्ताव मी अजूनही पाहते. आपल्या देशाचा कार्यक्रम तसा नाही. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक चौकटीनुसार ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याने हाताने स्तन तपासणी करायची असते, आणि संशय आला तरच पुढच्या तपासण्या होतात. या पद्धतीमागे भक्कम काम आहे. मुंबईत टाटा मेमोरियल केंद्राने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. त्यांतल्या एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तन कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तसा फरक दिसला नाही. एवढा पुरावा आपल्याच राज्यात असताना प्रस्तावात परदेशी पत्रकांचे उतारे कशासाठी घ्यायचे?

स्वतःच्या स्तन तपासणीबद्दलही हेच. ती शिकवा, जरूर शिकवा, कारण बाईला स्वतःच्या शरीरातला बदल ओळखता आला पाहिजे आणि तो बोलून दाखवताना लाज वाटता कामा नये. पण या तपासणीमुळे मृत्यू कमी होतात असे लिहू नका. शांघायमधल्या कापडगिरण्यांतल्या सुमारे २ लाख ६६ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात तसे दिसले नाही, आणि हा २००२ चा निष्कर्ष तुमचा प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञाला पाठ असतो.

न पेलणारे वचन देणे

"दोन हजार स्त्रियांची तपासणी करून तीन वर्षांत मृत्युदर कमी करणे" हे उद्दिष्ट वाचून मला काळजी वाटते. मृत्युदरातला फरक दाखवायला दीड लाख स्त्रिया आणि वीस वर्षे लागली, हे वर आलेच आहे. शिवाय ग्रामीण भागात या रोगाचे प्रमाण महानगरांपेक्षा कमी असते. दोन हजार स्त्रियांमध्ये वर्षभरात एकही नवा रुग्ण सापडला नाही, तर तो तुमचा दोष नाही, पण मग अहवालात लिहाल काय? त्यापेक्षा हातात असलेल्या गोष्टी मोजा: गाठ लक्षात आल्यापासून पहिल्या डॉक्टरपर्यंत किती दिवस गेले, संशयापासून बायोप्सीपर्यंत किती गेले, निदानाच्या वेळी रोग कोणत्या अवस्थेत होता, आणि सुरू केलेले उपचार किती जणींनी पूर्ण केले. नागपूर आणि वर्धा या दोन्ही जिल्ह्यांत लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक भागातल्या सगळ्या कर्करुग्णांची नोंद, चालते. वर्ध्याची नोंदणी सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत आहे. प्रस्ताव लिहिण्याआधी तिथले प्रसिद्ध आकडे वाचायला हवेत, आणि हे काम एका दुपारचे आहे. ती दुपार वाचवण्यासाठी लोक इंटरनेटवरून तयार मसुदा उचलतात, आणि मग गडचिरोलीच्या प्रस्तावात शहरी नोकरदार स्त्रियांची जीवनशैली येते.

एकाच कार्यालयाचे पत्र जोडणे

प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. तुमची बाई पहिल्या दारातून निघून दुसऱ्या दारात जाणार असते, म्हणून दोन्ही कार्यालयांची संमतिपत्रे लागतात. पत्रात "सहकार्य करू" एवढेच नसावे. कोणत्या वारी कोणता डॉक्टर संशयित रुग्ण पाहील, हे लिहून घ्या. असंसर्गजन्य रोगांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा जोखीम तपासणीचा अर्ज भरतातच. तुम्ही त्यात नवे काय करणार, हे पहिल्या पानावर आले पाहिजे. आशाताईंना फुकटचे मनुष्यबळ समजून योजना आखू नये, त्यांच्या वेळेचा मोबदला धरावा.

यंत्राचा मोह

फिरत्या गाडीत सोनोग्राफी यंत्र ठेवण्याची कल्पना दर दोन प्रस्तावांपैकी एकात असते. यंत्र स्तनासाठी वापरणार असलात तरी त्याला १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालची नोंदणी लागते आणि ते मनाला येईल तिथे फिरवता येत नाही. मॅमोग्राफीच्या यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. यंत्र घेतल्यावर ते चालवायला तंत्रज्ञ आणि चित्र वाचायला रेडिओलॉजिस्ट तालुक्याला मिळणार आहे का, हे आधी विचारा. त्या पैशात कित्येक स्त्रियांच्या खेपा होतात.

नैतिकता समितीकडे (एथिक्स कमिटीकडे) उशिरा जाणे

संशोधनात सहभागी होणाऱ्यांचे हित पाहणारी ही समिती आहे. माहिती गोळा करायला सुरुवात झाल्यावर तिची मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही, ती मागूही नका. समिती केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली हवी. गावातल्या चार प्रतिष्ठितांची समिती चालत नाही. संमतिपत्र मराठीत करून काम संपत नाही. मेळघाटात कोरकू, यवतमाळच्या पाड्यांवर कोलामी आणि गडचिरोलीत गोंडी व माडिया बोलणाऱ्या स्त्रियांना ते त्यांच्या बोलीत समजावून सांगणारे माणूस लागते. अक्षरओळख नसलेल्या बाईचा अंगठा घेताना निःपक्ष साक्षीदार हवा. तुमच्याच प्रकल्पातला कर्मचारी साक्षीदार म्हणून बसवू नये.

हिशेबाच्या चुका

एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी संकेतस्थळावरची नोंदणी आणि पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन यंत्रणेवरील बँक खाते अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही. संशोधनासाठी अर्ज करणाऱ्या खासगी संस्थेला अनेक योजनांमध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता लागते, आणि त्या मान्यतेलाच महिने जातात.

अनुदान ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांतला जीएफआर १२-ए हा नमुना, मी प्रस्तावाच्याही आधी समोर ठेवते आणि मागण्याच्या प्रत्येक रकमेपुढे लिहिते की ती खर्च झाल्याचा कोणता कागद माझ्याकडे असेल. ज्या रकमेपुढे कागद सुचत नाही, ती रक्कम तिथेच बदलते. गावातल्या काळी-पिवळीवाल्याकडे पावती नसते, म्हणून प्रवासाची रक्कम एसटीच्या तिकिटावर किंवा किलोमीटरच्या ठरलेल्या दरावर मागायची आणि ती पद्धत प्रस्तावातच मान्य करून घ्यायची. केंद्राच्या अनुदानावर मिळालेले व्याज संस्थेचे नसते. ते भारताच्या एकत्रित निधीत परत भरावे लागते. अनुदानातून घेतलेली वस्तू परवानगीशिवाय विकता येत नाही. पैसा फेब्रुवारीत आला म्हणून ३१ मार्चच्या आत कसाही संपवू नका. शिल्लक रक्कम पुढच्या वर्षी वापरण्याची परवानगी मागण्याचे पत्र दोन परिच्छेदांचे असते, आणि घाईत घेतलेल्या लॅपटॉपांपेक्षा ते पत्र लेखापरीक्षणात केव्हाही बरे ठरते.

टक्केवारीवर प्रस्ताव लिहून देणाऱ्यांकडे जाऊ नका. अनुदानातून अशी टक्केवारी दाखवायला कोणतेही शीर्ष नसते, मग ती दुसऱ्याच नावाने दाखवावी लागते, आणि तिथून संस्थेचे हिशेब कायमचे बिघडतात.

प्रकल्प संपला की वही मिटवणे

शेवटच्या हप्त्याबरोबर कर्मचारी जातात आणि उपचार अर्धवट असलेल्या स्त्रियांचा माग सुटतो. माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक लांब वही असते. संशयित सापडलेल्या प्रत्येक बाईला तिच्यात एक ओळ: तारीख, गाव, पहिली तपासणी, बायोप्सी, अहवाल, उपचार, पुढची भेट. रकाना रिकामा राहिला तर त्यापुढे कोण जाणार त्याचे नाव पेन्सिलीने लिहिते, आणि जाऊन आल्यावर खोडते. प्रकल्प संपण्याच्या तीन महिने आधी मी उपचार बाकी असलेल्या ओळींची प्रत त्या त्या स्त्रियांच्या संमतीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना नेऊन देते, सोबत आशाताईंना बसवून एकेक नाव वाचते, आणि पोच म्हणून त्यांची सही घेते. या तीन महिन्यांचा खर्च प्रस्तावात वेगळा मागावा. मागितला तर तो बहुधा मिळतो.