घाऊक खरेदीला जाताना दर किलोवर आणा

मोठ्या घाऊक दालनांची ओढ मला समजते. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरणारी आपली घरं, एकदम घेतलेला माल स्वस्त पडतो हे आपल्या अंगातच आहे. अमेरिकेतल्या कॉस्टको या घाऊक दालनांच्या कंपनीने याचा मोठा धंदा केला: सभासदत्वाची वार्षिक फी घ्यायची आणि मालावर नफा अगदी कमी ठेवायचा. तिच्या नफ्याचा मोठा भाग त्या फीतूनच येतो.

नाशिकमध्ये अशा खरेदीला निघालात तर तेलाच्या डब्यापाशी जरा थांबा. १५ लिटरचा आणि १५ किलोचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. पण तेल पाण्यापेक्षा हलकं. एक लिटर भरतं साधारण ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या आसपास. लिटरच्या भावाला ०.९१ ने भागा, किलोचा भाव हाती येतो. मगच रविवार कारंज्यावरच्या किराणा दुकानाशी तुलना करा. बाकी पाकिटांवर एमआरपीजवळ प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो दर छापलेला असतो, तो वाचा.

साबण, डिटर्जंट, साखर, मीठ खुशाल मोठं घ्या. रवा, बेसन, शेंगदाणे मात्र पावसाळ्याच्या तोंडावर महिन्यापुरतेच. दमट हवेत रव्याला जाळी धरते, दाणे खवट होतात. आणि सोसायटीतल्या दोन-तीन घरांनी मिळून मोठं पोतं घेतलं, तर तिथल्या तिथे वजनकाट्यावर वाटून घ्या.