पहिलाच छर्रा भरकटतोय?

रात्रभर ठेवलेल्या पीसीपी (आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणाऱ्या) रायफलचा पहिला छर्रा भलतीकडे आणि पुढचे दहा एकाच भोकात? संशय आधी रेग्युलेटरवर घ्या, म्हणजे बाटलीतल्या हवेचा दाब कमी करून पुढे सोडणाऱ्या भागावर. आतली सीट (हवा अडवणारी बैठक) झिजली की 200 बारच्या बाटलीतली हवा हळूहळू पुढे झिरपते, पुढचा दाब चढत राहतो आणि पहिला छर्रा त्या चढलेल्या दाबावर सुटतो.

रेग्युलेटर बदलायचा तर आधी सगळी हवा सोडा. काटा शून्यावर दिसला तरी लगेच विश्वास नको, काटेही अडकतात. आटे हाताला घट्ट लागले तर थांबा, आत दाब असू शकतो. पान्हा लावायची घाई जिवावर बेतते. नव्या ओ-रिंगला (हवा अडवणाऱ्या रबरी कड्याला) सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढं. शिलाई मशीनचं तेल अजिबात नको, दाबाखाली पेटू शकतं. आणि हो, सोलापूरच्या मे महिन्यात भरलेली बाटली डिकीत ठेवून बाजाराला जाऊ नका.