छतावर सौर संच बसवण्याआधी आणि बसवताना : २०२४ च्या नियमांचा उपयोग कसा करावा

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजना’ सुरू केली आणि त्याच महिन्यात विद्युत (ग्राहकांचे अधिकार) नियम, २०२० मध्ये दुरुस्तीही केली. योजनेच्या अनुदानाची चर्चा मराठवाड्यात गावोगावी झाली. दुरुस्तीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि अर्ज अडतो तेव्हा कामाला येते ती तीच.

अर्ज भरण्यापूर्वी महावितरणचे बिल हाती घ्यावे. बिल अर्जदाराच्याच नावावर असावे. वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर वर्षानुवर्षे बिल येत असेल, तर आधी नावात बदल करून घ्यावा आणि थकबाकी भरून टाकावी. अनुदान ज्या खात्यात जमा व्हायचे, ते खातेही त्याच नावाचे ठेवावे.

त्यानंतर संचाची क्षमता ठरवावी. ती विक्रेत्यावर सोडू नये. एक किलोवॅटचा संच आपल्याकडच्या उन्हात महिन्याला सरासरी १२० युनिट, म्हणजे वर्षाला साधारण १,४४० युनिट वीज देतो. बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. त्यावरून बारा महिन्यांची बेरीज करून तिला १,४४० ने भागावे. समजा, एखाद्या घरात कूलरमुळे मे महिन्यात ३५० युनिट जळतात, परंतु वर्षभराची बेरीज २,४०० च्या आसपासच येते. अशा घराला दोन किलोवॅट पुरतात. मे महिन्याचे बिल पाहून तीन किलोवॅट बसवले, तर जादा वीज ग्रीडमध्ये, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्यात जाते, तिची युनिटे पुढील महिन्यांत वळती होतात, पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते तेव्हा उरलेल्या युनिटांचा हिशेब राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या, घरगुती दरापेक्षा बऱ्याच कमी दराने मिटवला जातो. म्हणजे हिवाळ्यात साठलेली शिल्लक नेमकी कूलर लावण्याच्या तोंडावर संपते. शिवाय अनुदान पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये, तर तिसऱ्यासाठी १८,००० रुपये आहे, आणि ७८,००० रुपयांच्या पुढे ते वाढत नाही. संच कितीही मोठा घेतला तरी स्थिर आकार भरावाच लागतो, त्यामुळे ‘बिल शून्य’ ही जाहिरात शब्दशः घेऊ नये.

दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये पूरक योजना आणली असून, त्यांना एक किलोवॅटसाठी केंद्राच्या अनुदानावर १७,५०० रुपये अधिक मिळतात. महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या इतर कुटुंबांनाही तिचा लाभ आहे.

एका किलोवॅटसाठी सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली यांची सावली सकाळ-संध्याकाळ कुठवर पसरते, हे स्वतः पाहून घ्यावे. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि कल साधारण १८ ते २० अंशांचा असावा. माळवदावर आधीच मातीचा भार असतो, त्यामुळे तेथे संच बसवण्याचा विचार न केलेला बरा. पत्र्यावर संच बसू शकतो, मात्र खालचे अँगल मजबूत हवेत, कारण वळवाच्या पावसाआधीची वावटळ जोराची असते.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर बिलावरील ग्राहक क्रमांक टाकून भरावा आणि पोर्टलवर नोंदणी असलेलाच विक्रेता निवडावा. करारात तीन गोष्टी लेखी असाव्यात : पॅनेल देशी बनावटीचे आहेत, कारण त्याशिवाय अनुदान मिळत नाही, पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडे आहे, आणि पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यायचे आहेत. येथे एक खुलासा आवश्यक आहे : ग्रीडला जोडलेला साधा संच वीज गेली की बंद पडतो, कारण तसे झाले नाही तर तारांवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका असतो. भारनियमनाच्या वेळीही पंखा चालावा, अशी अपेक्षा असेल तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालणारा इन्व्हर्टर आणि बॅटरीचा वेगळा खर्च धरावा.

आता नियमांकडे वळू. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला २०२४ च्या दुरुस्तीनुसार तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची, म्हणजे संच तेथील वीजजाळ्याला झेपेल का हे पाहण्याची अट नाही. असा अर्ज मंजूर झाला असेच मानले जाते. पाच किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी रोहित्र किंवा वाहिनी सक्षम करावी लागली, तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा आहे, त्यामुळे ‘डीपीवर लोड नाही’ हे उत्तर मान्य करू नये. संच उभारल्यानंतर तो कार्यान्वित करून देण्याची मुदतही पूर्वीच्या ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आली आहे. ही मुदत मोजता यावी म्हणून काम पूर्ण झाल्याची नोंद पोर्टलवर त्याच दिवशी करून घ्यावी आणि तिची छापील प्रत जपून ठेवावी. विक्रेता ती नोंद आठवडाभर लांबवतो आणि ग्राहक मात्र मीटरसाठी कार्यालयाच्या खेपा घालतो, असे पुष्कळदा घडते.

मुदत उलटल्यास उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तेवढ्याने काम झाले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे आणि मंचाचा निर्णय अमान्य असल्यास विद्युत लोकपालाकडे जाता येते. मंचापुढे ग्राहक स्वतः बाजू मांडू शकतो. मात्र अर्जाची तारीख, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि तक्रारीची पोच ही तीन कागदपत्रे सोबत हवीत.