पटाची तीच माहिती पुन्हा पुन्हा भरावी लागते? माझा अनुभव

आमच्या द्विशिक्षकी शाळेत शिष्यवृत्ती, गणवेश, आधार पडताळणी अशा प्रत्येक कामासाठी त्याच मुलांची तीच माहिती निराळ्या नमुन्यात मागितली जाई आणि ती भरेपर्यंत वर्ग ताटकळत बसे, याची मनापासून चीड येई. वर्गवार वह्या केल्या, जुने तक्ते कॉपी-पेस्ट केले. खाते क्रमांक जुळेनात.

उपयोगी पडले ते असे. गुगल शीट्समध्ये एकच मूळ तक्ता करावा आणि काहीही टाइप करण्याआधी सर्व स्तंभांना ‘प्लेन टेक्स्ट’ स्वरूप द्यावे, कारण एरवी खाते क्रमांकाच्या आरंभीची शून्ये गळतात आणि 15 पेक्षा जास्त अंक असल्यास शेवटचे अंक बदलतात. पहिल्या स्तंभात जनरल रजिस्टर क्रमांक (शाळेच्या प्रवेश नोंदवहीतला मुलाचा क्रमांक) ठेवावा. जुळणी नावावरून करू नये, कारण एका पटावर दोन आरोही असू शकतात. नव्या नमुन्यात मात्र केवळ रजिस्टर क्रमांकाचा स्तंभ ‘प्लेन टेक्स्ट’ करावा. बाकीचे ‘ऑटोमॅटिक’ राहू द्यावेत, नाहीतर सूत्र चालतच नाही. मग व्हीलुकअप (रजिस्टर क्रमांकावरून मूळ तक्त्यातली माहिती शोधून आणणारे सूत्र) लावून त्यात चौथ्या जागी ‘फॉल्स’ लिहावे, म्हणजे तंतोतंत जुळणारा क्रमांकच घेतला जातो, आणि पाठवण्याआधी उत्तरे ‘व्हॅल्यूज ओन्ली’ने (म्हणजे सूत्राविना, नुसती माहिती) पेस्ट करावीत.

आता नमुना मधल्या सुट्टीत पुरा होतो आणि वाचनात मागे असलेल्या मुलांजवळ बसता येते. तक्त्यात आधार क्रमांक असल्याने तो सहशिक्षकांखेरीज कोणालाही शेअर करू नये.