कोल्हापूरहून बसने जाऊन करावयाच्या सोप्या पायी सहली : आधी परतीची गाडी, मग वाट

पायी फिरण्याविषयी जे सल्ले दिले जातात, ते बहुधा बुटांपासून सुरू होतात आणि पाण्याच्या बाटलीपाशी संपतात. दोन-तीन तासांच्या सोप्या चालीसाठी हे कोणत्याही जाणत्या माणसाला शिकवावे लागत नाही. कोल्हापूरच्या आसपास स्वतःचे वाहन न नेता फिरावयाचे असेल, तर खरी अडचण परतीच्या गाडीची असते, आणि तिच्याविषयी मात्र कोणी चार ओळीही लिहीत नाही.

प्रथम वाट निवडावी, आणि ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारी असावी. दुचाकी नेणाऱ्याला फिरून पुन्हा दुचाकीपाशीच यावे लागते. बसने जाणाऱ्यावर ती सक्ती नसते, आणि हा लाभ सोडून आल्या वाटेने परत येण्यात काही अर्थ नाही. निवडताना माझा नियम ठरलेला आहे : ज्या टोकाला गाड्या कमी असतात तेथे सकाळी उतरावे, आणि जेथे गाड्यांचा राबता असतो तेथे चाल संपवावी. प्रयाग चिखलीचे उदाहरण घ्या. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या संगमापासून पंचगंगा सुरू होते, ते हे ठिकाण. सकाळी गाडीने चिखलीत उतरावे, संगमावर निवांत बसावे आणि उसाच्या शेतांमधून आंबेवाडीवरून रत्नागिरी रस्त्याला यावे. या रस्त्यावरून पन्हाळा, जोतिबा आणि रत्नागिरीकडच्या गाड्या कोल्हापुरात येत असल्यामुळे एखादी चुकली तरी बिघडत नाही. हीच चाल उलट दिशेने केली, तर दिवसाच्या शेवटी, पाय दमलेले असताना, मोजक्या फेऱ्यांवर अवलंबून राहावे लागते.

आता परतीची गाडी. येथे मी स्वतः फसलेलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

डिसेंबर महिना होता. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका लहान गावात चाल संपली तेव्हा साडेपाच वाजले होते. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर मी विचारले, ‘गाडी कधी आहे?’ उत्तर मिळाले, ‘साडेसहाला.’ गाडी खरोखरच साडेसहाला आली. मी आत चढून बसलो, आणि वाहकाने तिकिटाचे यंत्र हाती घेण्याऐवजी बाकाखालून वळकटी काढली. मी कोल्हापूर म्हणताच तो हसला. ‘आता कुठलं कोल्हापूर? मुक्कामी हाय ही. सकाळी सहाला निघती.’ त्या रात्री विजेरीच्या उजेडात सात किलोमीटर चालत मी फाटा गाठला.

टपरीवाल्याने खोटे सांगितले नव्हते. प्रश्न मी चुकीचा विचारला होता. संध्याकाळी खेड्यात येणारी गाडी ही पुष्कळदा मुक्कामी असते, म्हणजे ती रात्री तेथेच थांबते आणि पहाटे गावातील नोकरदारांना व दूधवाल्यांना घेऊन शहराकडे निघते. गावकऱ्याच्या दृष्टीने ‘शेवटची गाडी’ म्हणजे त्याला शहरातून घरी आणणारी गाडी. आपल्याला हवी असते ती नेमकी उलट्या दिशेची, आणि ती बहुधा तिच्या एक-दोन तास आधीच निघून गेलेली असते. म्हणून ‘गाडी कधी आहे’ किंवा ‘शेवटची गाडी किती वाजता’ हे दोन्ही प्रश्न वर्ज्य समजावेत. ‘येथून कोल्हापूरला जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते?’ असे पूर्ण वाक्य उच्चारावे, आणि उत्तरात मुक्कामी हा शब्द आला की सावध व्हावे.

हे विचारावयाचे कोणाला? चौकशीच्या खिडकीत त्या स्थानकातून सुटणाऱ्या गाड्यांची वेळ खात्रीने कळते; पुढच्या गावातून परत निघणाऱ्या गाडीविषयीचे तेथील उत्तर अंदाजाचे असू शकते. सर्वांत खात्रीचा माणूस म्हणजे सकाळी आपल्याला नेणारा वाहक. उतरताना त्याला दोन गोष्टी विचाराव्यात : तुमची ही गाडी दिवसात पुन्हा किती वेळा येते, आणि परतीची कोणती फेरी रविवारी बंद असते? दुसरा प्रश्न विसरू नये. काही फेऱ्या शाळा-कॉलेजच्या मुलांसाठीच असतात; त्या सुटीच्या दिवशी धावत नाहीत, आणि आपण फिरावयास निघतो ते सुटीच्याच दिवशी. मिळालेली वेळ गावातील थांब्यासमोरच्या दुकानात पुन्हा पडताळावी. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर लवकरची वेळ खरी मानावी.

एवढे करूनही शेवटच्या गाडीवर विसंबू नये. शेवटच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची गाडी, असे धरून चालीचा हिशेब उलटा मांडावा. फाट्यावर उभे राहणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना अशी की, विनाथांबा गाडी कितीही हात केला तरी थांबत नाही आणि त्यावरून चालकावर चिडणे व्यर्थ आहे. ‘वडाप मिळेल की’ हा सल्ला तर मला सर्वांत अधिक खटकतो. वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणारे खासगी वाहन, भरल्याशिवाय सुटत नाही, आणि अंधार पडल्यावर आडगावी माणसेच नसल्यामुळे ते भरतही नाही. बाजाराच्या दिवशी दुपारी त्याचा उपयोग होतो, एवढेच.

पावसाळ्यात आणखी एक आकडा पाहावा लागतो, तो राजाराम बंधाऱ्यावरील पंचगंगेच्या पातळीचा. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. पाणी इशारा पातळीच्या जवळ येऊन चढत असेल, तर नदीकाठच्या चाली रद्द कराव्यात. चिखली आणि आंबेवाडी पुरात सर्वांत आधी वेढली जाणारी गावे आहेत. रत्नागिरी रस्त्यावर केर्लीजवळ आणि गगनबावडा रस्त्यावर मांडुकलीजवळ पाणी येते, तेव्हा सकाळी गेलेली गाडी संध्याकाळी परतेलच असे नाही. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना हे सांगावे लागत नाही.

पन्हाळ्याला हा सगळा खटाटोप लागत नाही, कारण गाडी गडावरच सोडते. लोक प्रथम जवळची ठिकाणे पाहत बसतात आणि उन्हात लांबचे अंतर कापतात. हे उलट करावे. आधी पश्चिमेकडे तीन दरवाजा, अंधारबाव आणि पुसाटी बुरूज पाहावा, येताना अंबारखाना आणि सज्जाकोठी घ्यावी. राजदिंडी या गडाच्या लहान दारातून उतरून जुलै १६६० मधील शिवाजी महाराजांच्या वाटेने ‘थोडे पुढे’ जाण्याचा मोह मात्र टाळावा. पावनखिंडीपर्यंतची ती पदभ्रमंती साधारणपणे दोन दिवसांची असते, आणि मधल्या वाड्यांत परतीच्या गाडीचा प्रश्न आणखी बिकट होतो.

जोतिबाला वरपर्यंत गाडीने जावे आणि गायमुखावरून कुशिरेकडे चालत उतरावे. उतार दमवत नाही, परंतु गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी. माघातील खेट्यांच्या, म्हणजे भाविकांनी जोतिबाला पायी येण्याच्या, रविवारी हीच वाट चढणाऱ्यांनी भरलेली असते आणि गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते. शांतपणे फिरावयाचे असेल, तर तो दिवस सोडावा.

नवख्याने पहिली चाल कुरुंदवाड ते नृसिंहवाडी हीच करावी. वाट सपाट आहे, अंतर थोडे आहे, आणि दोन्ही टोकांना गाड्या भरपूर असल्यामुळे वर सांगितलेला दिशेचा नियम येथे लागू होत नाही. तरी मी नेहमी कुरुंदवाडला उतरतो, घाट पाहतो आणि पंचगंगेवरील पूल ओलांडून वाडीत येतो, कारण बासुंदी आणि कवठाची बर्फी वाडीला मिळते. एस.टी.त महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट असल्याने घरातील सर्वांना घेऊन जाणेही परवडते. दर्शन आणि खरेदी मात्र स्थानकात कोल्हापूरच्या गाडीची वेळ विचारून आल्यानंतरच करावी. बासुंदीचा डबा मांडीवर घेऊन फलाटावर दोन तास बसणे मी एकदा केलेले आहे.