महालक्ष्म्यांसाठी गावचं बंद घर उघडताय? या चुका टाळा

अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात आमचं घर आहे. त्याला होळी झाली की कुलूप लागतं. ते निघतं भाद्रपदात, महालक्ष्म्या बसायच्या दोन दिवस आधी. चार वर्षांपूर्वी मी भरदुपारी पोचलो आणि तासाभरात सगळं उरकलं. मेन चालू केला, मोटर लावून टाकी भरली, टाकीखालचा व्हॉल्व्ह पुरता उघडला आणि मोठ्या आईकडे चहाला गेलो. परत आलो तर माजघरात गव्हाच्या कोठीवर स्लॅबमधून धार लागलेली. दोन पोती गहू गेला. गावातला फिटर आला, वर बघितलं आणि म्हणाला, "कायले येवढी घाई करता भाऊ? घर पयून चाललं होतं काय?"

तेव्हापासून मी घर उघडायला दीड दिवस हातात ठेवतो. बंद घराचा बिघाड सहा महिने मुकाट पडून असतो. तो आपण पहिल्या तासात, आपल्याच हाताने जागा करतो.

माझा मावसभाऊ लडाखमध्ये नोकरीला होता. तिकडे हिवाळ्यात घर बंद करायचं तर आधी पाइपातलं सगळं पाणी काढून टाकतात. पाण्याचं बर्फ झालं की ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फाटतो. गंमत अशी की फाटल्याचं तेव्हा कळतच नाही, कारण फटीत बर्फच बूच होऊन बसलेला असतो. बर्फ वितळला की घरात पूर. म्हणून गोठलेला पाइप सोडवताना नळ उघडा ठेवायचा, नळाच्या बाजूने सुरुवात करायची, गरम फडकी किंवा केस वाळवायचं यंत्र वापरायचं. उकळतं पाणी किंवा पेटता दिवा लावला की पाइप जातोच, आणि ज्योतीने घरही पेटू शकतं. आपल्याकडे ही वेळ येत नाही. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी पाइपातलं पाणी पाणीच राहिलं. आपला हिशेब मे महिना चुकता करतो.

पहिली चूक: व्हॉल्व्ह एकदम उघडणे

स्लॅबवरचा पांढरा पीव्हीसी पाइप उन्हात वाढतो आणि रात्री आखडतो. दहा मीटरची सरळ लाइन असेल आणि तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर ती जवळपास दोन सेंटिमीटर लांब होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि स्लॅब त्याहून तापतो. रिकाम्या पाइपाला आतून थंड ठेवायला पाणीही नसतं. रोजच्या या ओढाताणीचा भार एल्बोवर (कोपऱ्याच्या जोडावर) आणि टीवर (तीन तोंडांच्या जोडावर) येतो, सोल्युशनने चिकटवलेला जोड सुटतो किंवा केसाएवढी चीर पडते. शिवाय उघड्यावरचा पाइप ऊन खाऊन खडूसारखा ठिसूळ होतो. बाहेरून सगळं शाबूत दिसतं. लडाखातल्या बर्फासारखंच हेही पाणी आल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आता माझा क्रम असा. टाकी भरायच्या आधी स्लॅबवर चढून प्रत्येक जोडावरून बोट फिरवतो. घरातले सगळे नळ उघडे ठेवतो, न्हाणीतला सगळ्यात खालचा नळ आधी. टाकी पाव भरू देतो, मग व्हॉल्व्ह पाव आटा उघडतो. पाइपातली हवा फुसफुसत, पिचकाऱ्या मारत बाहेर येते. एकसारखी धार लागली की तो नळ बंद करून पुढच्याकडे जायचं. पाणी एकदम सोडलं तर अडकलेली हवा दबते आणि मागून येणारं पाणी एल्बोवर हातोड्यासारखं आदळतं. माझी कोठी भिजली ती याच धक्क्याने. सगळे नळ बंद झाले की अर्धा तास टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर खूण करून बसायचं. पातळी उतरली तर पाणी कुठेतरी मुरतंय.

व्हॉल्व्ह फिरतच नसेल तर पान्हा लावून जोर करू नका. जुन्या पितळी गेट व्हॉल्व्हची दांडी तुटते आणि आतली फळी खाली अडकून राहते. मग वरून कितीही फिरवा, पाणी येत नाही. दोन थेंब तेल सोडा, तासभर थांबा, थोडं मागे, थोडं पुढे असं करत सोडवा.

एका नळाला धार आणि दुसरा कोरडाच, असं झालं तर बहुतेक वेळा हवा अडकलेली असते. टाकी नळापेक्षा तीन मीटर उंच असली तरी दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. पाइपाला मध्ये कुबड आलं असेल तर तिथला हवेचा फुगा तेवढ्यानेही हलत नाही. मोटरच्या लाइनवर थेट नळ असेल तर तिथून बागेची नळी कोरड्या नळाला घट्ट लावा, दोन्ही उघडा आणि अर्धा मिनिट उलटं पाणी ढकला. फुगा टाकीत जाऊन सुटतो. हा प्रयोग नळयोजनेच्या लाइनवर मात्र करू नका. तिकडचा दाब पडला तर आपलं पाणी गावाच्या पाइपात ओढलं जातं.

टाकीची हवा जायची नळी बघायला विसरू नका. कुंभारीण माशी तिच्यात मातीचं घर करते. गेल्या वर्षी पाणी अडखळत येत होतं म्हणून मी अर्धा दिवस पाइप ठोकत फिरलो. शेवटी काडी घालून बोटभर चिखल आणि त्यातल्या वाळलेल्या अळ्या काढल्या.

दुसरी चूक: बटण दाबून मोटरचा अंदाज घेणे

हौदातलं पाणी वर चढवणारी अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर सहा महिने पडून राहिली की पंपातला पंखा गंजून त्याच्या कवचाला चिकटतो. बटण दाबलं की नुसती हूं करते. चार सेकंदांत बंद करा, नाहीतर वाइंडिंग जळतं. मेन बंद करून मोटरची मागची जाळी काढा आणि तिथला पंखा हाताने फिरवा, म्हणजे आतलाही सुटतो. काही मोटरांच्या दांडीला पेचकसासाठी खाच असते. मोकळी फिरली पण चालू केल्यावर परत हूंच करत असेल तर कपॅसिटर गेला. दांडी मोकळी झाली की मोटर चालवण्याआधी पंपात पाणी भरून त्याला चढ द्यायचा. पाणी भरलं की खाली उतरत असेल तर फुटव्हॉल्व्हचं (हौदातल्या पाइपाच्या टोकाच्या झडपेचं) रबर वाळलेलं असतं, नाहीतर त्यात कचरा असतो. कोरडी मोटर फिरवत ठेवणं सगळ्यात महाग पडतं, कारण तिचं सील पाण्यानेच थंड राहतं. बोअरच्या सबमर्सिबललाही हेच लागू. उन्हाळ्यात पातळी कुठे गेली हे माहीत नसताना ती दहा मिनिटं चालवून चहाला जाऊ नका.

सणाच्या संध्याकाळी सगळ्या गावाचे दिवे लागतात आणि व्होल्टेज पडतं. मोटर सकाळीच चालवून घ्या.

विजेचंही तसंच. स्टार्टरचं झाकण हाताने उघडायचं नाही, काडीने, मेन बंद करून. पाल पट्टीवर चिकटून कोळसा झालेली असते, मुंग्यांनी माती भरलेली असते, उंदराने वायर सोललेली असते. सगळे एमसीबी खाली पाडा, मग मेन चढवा आणि एकेक वर करा. ज्याच्यावर ट्रिप होतं ती लाइन तशीच बंद ठेवा. ट्रिप होतो म्हणून ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बायपास करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. उन्हाळ्यात तो पार कोरडा झालेला असतो. मिठाची आमच्या मातीला उणीव नाही, कमी पडतो तो ओलावा.

तिसरी चूक: पाणी दिसायला स्वच्छ आहे म्हणून वापरणे

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणी खारट आहे तो भाग, अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जातो. आमच्या गावात प्यायला शहानूर धरणाच्या योजनेचं पाणी, बोअरचं फक्त धुण्याभांड्याला. पाहुणे आले की कुणीतरी हमखास म्हणतं, उकळून घ्या, चालतं. उकळल्याने जंतू मरतात, क्षार तसेच राहतात. उलट पाणी आटतं तसे घट्ट होतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत फ्लोराइड आहे, तेही उकळून जात नाही.

टाकी आधी घासा. नुसतं पाणी भरून उपसलं तर डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेलीच राहतात. ती कोरड्यातही महिनोन्महिने जिवंत असतात आणि पाणी लागलं की फुटतात. पाण्याच्या जुन्या रेषेवर काथ्याने जोर लावा. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीत मिळते ती पावडर ताजी असेल तर हजार लिटरला दीडशे ग्रॅम, जुनी असेल तर दोनशे. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी भरलेल्या टाकीत ओता. प्रत्येक नळाला वास येईपर्यंत पाणी सोडा, नळ बंद करा, रात्रभर ठेवा आणि सकाळी सगळं सोडून द्या. हे पाणी पिऊ नका, तुळशीलाही घालू नका. संडासाचं अ‍ॅसिड आणि टीसीएल एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. ते काम वेगळ्या दिवशी करा. नळाच्या जाळीवर बसलेल्या पांढऱ्या खपलीला लिंबूसत्वाचं पाणी पुरतं.

सोलर हीटर असेल तर हेही वाचा

घराच्या छपरावर काचेच्या नळ्यांचा सोलर असेल तर दुपारी त्यात पाणी सोडू नका. रिकाम्या नळ्या उन्हात दोनशे अंशांच्या पुढे तापतात. त्यांच्यावर थंड पाणी पडलं की काच फुटते. पहाटे भरा, किंवा आदल्या रात्री गोणपाट टाकून ठेवा. विजेच्या गिझरचं उलटं असतं. गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत त्याचं बटण दाबायचं नाही.

घरात नाक झोंबणारा वास येतो तेव्हा मेलेला उंदीर शोधण्याआधी मोरीच्या आणि संडासच्या जाळीत एक तांब्या पाणी ओता. खालच्या ट्रॅपमधलं (वायू अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपातलं) पाणी उन्हाने आटतं आणि सेप्टिक टाकीतला वायू सरळ घरात येतो. त्यानेही वास गेला नाही तर सेप्टिक टाकीकडे वळा. पण झाकण उघडून आत वाकायचं नाही, काडी पेटवून बघायचं नाही आणि उतरायचं तर मुळीच नाही. तो वायू माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही.

व्हॉल्व्हच्या खड्ड्यात, मीटरच्या पेटीत, सांदवाडीतल्या लाकडांत हात घालण्याआधी टॉर्च मारा. मण्यार, नाग, विंचू यांना ही जागा सहा महिने आपलीच वाटलेली असते. चावलाच तर १०८ ला फोन करा आणि मांत्रिकाचा रस्ता सोडून सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा.

आता घर बंद करताना मी टाकी आणि पाइप रिकामे करतो, सगळे नळ अर्धे उघडे ठेवतो, हवेच्या नळीला बारीक जाळी बांधतो, मोरीच्या ट्रॅपमध्ये पाण्यावर चमचाभर तेल सोडतो म्हणजे पाणी लवकर उडत नाही. आणि मीटरच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवतो: कुठला व्हॉल्व्ह कुठला नळ बंद करतो, कुठला जोड नवीन आहे, कुठला मागच्या वेळी गळला. यंदाच्या ओळीखाली मोठ्या आईने आपल्या अक्षरात एक ओळ घातली आहे, "आदी चहा पिऊन घे."