जुनी स्वस्त मोटरबोट घ्यायचीय? ओहोटीला बघायला जा

एप्रिल-मे आला की वर्सोवा, मढ, करंजा सगळीकडे जुन्या बोटी विकायला निघतात, कारण पावसाळ्याआधी बोट वर ओढायची, शाकारायची, चार महिने सांभाळायची, हा खर्च मालकाला नको असतो. भाव करायचा तर तेव्हाच. मी इथे १५-१६ फुटी फायबर बोटीचं सांगतोय, मागे पेट्रोलचं ओबीएम, म्हणजे बाहेरून टांगायचं इंजिन, लावलेली. लाकडी होडीचं गणित वेगळं, त्याला कोळीवाड्यातला जुना सुतारच सोबत पाहिजे.

मालक शक्यतो भरतीला बोलावतो, बोट पाण्यावर मस्त डुलत असते आणि आपण तिथेच भुलतो. तुम्ही ओहोटीला जा. बोट चिखलात बसली की तळ दिसतो, आणि आत पाणी साचलेलं असेल तर ते जिथून बाहेर झिरपतंय तिथूनच ते आत येत असतं, एवढी सोपी तपासणी दुसरी नाही. गुडघाभर चिखलात उतरावं लागेल, उतरा.

मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरून मुठीने सगळा तळ, बाजू, आतली जमीन ठोकत जायचं. चांगलं फायबर टक् टक् वाजतं, थर सुटलेत किंवा आतलं लाकूड कुजलंय तिथे ढप् असा मेलेला आवाज येतो, तिथे खडूने खूण करा. तळाला फोड आलेले दिसले तर मालकाला सांगून एक फोडून बघा, आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला म्हणजे पाणी जेलकोटच्या, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत बाहेरच्या थराच्या, आत शिरलंय. चार-दोन फोड घासून भरता येतात, सगळा तळच फोडांनी भरला असेल तर सोडून द्या.

पण सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ट्रान्समला. ट्रान्सम म्हणजे इंजिन टांगतात ती मागची भिंत, बहुतेक जुन्या बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असतं, बोल्टच्या भोकांतून खारं पाणी हळूहळू आत जातं, प्लाय कुजतो आणि बाहेरून रंग चकाचक. इंजिन वर उचलून लॉक करा आणि खालचा पंख्याकडचा भाग धरून जोर लावून वर-खाली हलवा, भिंत वाकताना दिसली तर आत काही उरलेलं नाही. मढला मी एक बोट बघितली होती, नवाकोरा निळा रंग मारलेला, हलवल्यावर शंका आली म्हणून मालकाला विचारून आतल्या बाजूने खालच्या बोल्टजवळ बारीक ड्रिल मारलं. चांगल्या प्लायमधून सुका पिवळट भुसा येतो, इथे चहाच्या चोथ्यासारखा काळा ओला गोळा ड्रिलला गुंडाळून आला. मालक म्हणाला, "अहो, सगळ्याच बोटींचं असं असतं." नसतं. अशी बोट घ्यायचीच असेल तर फक्त इंजिनाचे पैसे द्या, कारण आतला थर कापून सगळा प्लाय काढून नवा मरीन प्लाय बसवायला महिना सहज जातो.

इंजिन बघताना आधी हात लावून बघा, गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय, गार इंजिन कसं चालू होतं ते कळलं पाहिजे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा, आकडे एकमेकांपासून १० टक्क्यांपेक्षा जास्त लांब नकोत. गिअर ऑइलचा खालचा स्क्रू जरा सैल करा, दुधाळ कॉफीसारखं तेल आलं तर सील गेलंय. पाण्याच्या ड्रममध्ये चालू केल्यावर मागून पाण्याची धार सुटली पाहिजे, नसेल तर इम्पेलर, म्हणजे इंजिन गार ठेवायला पाणी खेचणारा पंपातला रबरी पंखा, गेला असेल किंवा वाट मिठाने चोंदली असेल, लगेच बंद करा. "थोडं जाम आहे, होईल चालू" या इंजिनाला शून्य किंमत धरायची.

कागदांत कंटाळा करू नका. नोंदणी, सर्व्हे, विमा बघा, इंजिनावरच्या प्लेटचा नंबर बिलाशी जुळवा आणि पैसे द्यायच्या आधी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात विचारून या. मासेमारीची बोट असेल तर मत्स्यव्यवसाय खात्यात.

बोट आणली की टाकीतलं जुनं पेट्रोल आधी काढून टाका, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पाणी पटकन धरतं, सोबत पेट्रोलचा पाइप आणि त्यावरचा पेट्रोल दाबून चढवायचा रबरी फुगा पण बदला. टू-स्ट्रोकला बहुतेक ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली तेल, तरी मॅन्युअल बघाच. पावसाळ्यात ताडपत्रीखाली इंजिन आणि वायरिंग उरकून घ्या, फायबरला मात्र हात लावू नका, दमट हवेत आणि ओल्या लाकडावर फायबर चिकटवणारं रेझिन नीट धरत नाही, मग वर्षभरात तोच थर परत सुटतो. ऑक्टोबरचं कडक ऊन दोन-तीन आठवडे खाऊ दे बोटीला, परत ठोकून बघा, आणि मग रेझिन कालवायला घ्या.